बिनपंख्याच्या घरगुती राउटरसाठी दहा गिगाबिटचे नेटवर्क कार्ड: नागपूरच्या उन्हाळ्यात कोणते तग धरेल?

प्रश्न : मनीषनगरवासी

नमस्कार. घरच्या राउटरसाठी वेगवान नेटवर्क कार्ड निवडायचे आहे आणि त्यात अट अशी आहे की राउटरमध्ये पंखा नसावा. ही अट हौसेपोटी घातलेली नाही. आधीच्या राउटरमध्ये चार सेंटिमीटरचा पंखा होता. पहिल्याच उन्हाळ्यात तो घरघरू लागला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कूलरच्या ओलसर हवेने चिकटलेल्या धुळीमुळे पार अडकून बसला. त्यानंतर मी ॲल्युमिनियमच्या पेटीत बसवलेला, एन १०० प्रोसेसरचा बिनपंख्याचा राउटर तयार केला. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली चालते आणि गेले वर्षभर त्याने काहीही तक्रार केलेली नाही.

घराची मांडणी अशी आहे. तळमजल्यावर जिन्याखालच्या कपाटात राउटर, स्विच आणि नॅस (जाळ्यावरून वापरायचे फाइल-साठवणीचे यंत्र) आहेत. वरच्या मजल्यावर पत्नीची संकलनाची खोली आहे. ती लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संकलन करते आणि एका लग्नाचे कच्चे चित्रीकरण सहज २०० जीबीच्या आसपास जाते. सध्याच्या एक गिगाबिटच्या जाळ्यावरून ते नॅसवर जायला जवळजवळ अर्धा तास लागतो आणि लग्नसराईत असे अर्धे तास दिवसातून तीन-चार वेळा वाया जातात. तिचा संगणक एका व्हीलॅनमध्ये (एकाच जाळ्याच्या वेगळ्या केलेल्या आभासी भागात) आणि नॅस दुसऱ्या व्हीलॅनमध्ये आहे. ग्राहक आपापले पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि त्यांतून काय येईल याची खात्री नसते, म्हणून नॅसकडे जाणारी प्रत्येक गोष्ट राउटरच्या फायरवॉलमधून जावी, असे मी ठरवले होते. त्यामुळे राउटर जितका वेगवान, तितकेच हे काम वेगवान होणार.

बोर्डावर कार्ड बसवण्यासाठी एक लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, इंटेलचे एक्स ५४० हे तांब्याच्या केबलची दोन पोर्ट असलेले कार्ड, जे वापरलेले आणि स्वस्तात मिळत आहे. दुसरा, इंटेलचेच एक्स ५२० हे एसएफपी प्लसची (ज्यांत केबलनुसार वेगळे मॉड्यूल खोचता येते अशी) दोन पोर्ट असलेले कार्ड, तेही वापरलेलेच. आणि तिसरा, ॲक्वांशियाच्या एक्यूसी १०७ चिपचे नवे कार्ड. भिंतीतून वर गेलेली तांब्याची केबल कॅट ६ प्रतीची आहे आणि तिची लांबी अंदाजे १८ मीटर भरेल. इंटरनेट ५०० एमबीपीएसचे असून पीपीपीओई पद्धतीने (नाव व पासवर्ड देऊन होणाऱ्या जोडणीने) येते. यांपैकी कोणते कार्ड घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.


प्रतिसाद १ : जाळेविणकर

प्रश्न नेमका मांडल्याबद्दल आभार; स्लॉट, केबल आणि जागा यांची माहिती दिलीत म्हणून उत्तरही नेमके देता येईल.

सर्वप्रथम एक्स ५४० मनातून काढून टाका. ते कार्ड वाईट नाही. त्याच्या काळात ते उत्तम होते, पण ते सर्व्हरसाठी बनवलेले आहे आणि सर्व्हरमध्ये समोरून मागे हवेचा झोत अखंड वाहत असतो, हे गृहीत धरूनच त्याचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आखलेला आहे. दोन्ही पोर्ट दहा गिगाबिटवर चालू असताना ते दहा वॅटच्या बरेच वर जाते. आपल्या एन १०० प्रोसेसरची घोषित मर्यादा ६ वॅट आहे. म्हणजे जी पेटी ६ वॅटची उष्णता बाहेर टाकण्यासाठी घडवली, तिच्यात तिच्या दुपटीहून अधिक उष्णता देणारे कार्ड आपण बसवणार आणि तेही हवा न हलणाऱ्या जागी. शिवाय पेटीची ॲल्युमिनियमची पाठ प्रोसेसरला टेकलेली असते, कार्डाला नव्हे. त्यामुळे कार्डाची उष्णता आतल्याआत कोंडते आणि प्रोसेसरलाही तापवते. तांब्याच्या केबलवरून दहा गिगाबिट पाठवणे हे मुळातच कष्टाचे काम आहे. चारही जोड्यांमधून दोन्ही दिशांना एकाच वेळी संदेश जातात आणि एकमेकांचा प्रतिध्वनी गाळून मूळ संदेश वेगळा काढण्यासाठी चिपला सतत गणित करावे लागते. २००६ मध्ये हे मानक आले तेव्हापासून चिपांची विजेची भूक पुष्कळ कमी झाली, पण जुन्या कार्डांत ती जशीच्या तशी आहे. एक्यूसी १०७ हे सुमारे ६ वॅटचे कार्ड आहे. बरे आहे, परंतु आपल्या पेटीत ६ वॅट हा आकडाही लहान नाही.

दुसरी गोष्ट, जिच्यात अनेक जण फसतात. स्लॉट लांब आहे म्हणजे त्यात सगळ्या लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) जोडलेल्या आहेत, असे नाही. एन १०० कडे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या एकूण ९ लेन असतात आणि त्यांतूनच एम.२ आणि साटा या डिस्क जोडण्याच्या जागा, बोर्डावरचे नेटवर्क हे सगळे भागवायचे असते. म्हणून अशा बोर्डांवरील लांब स्लॉटमध्ये पुष्कळदा दोनच लेन प्रत्यक्ष जोडलेल्या असतात. आता एक्स ५२० आणि एक्स ५४० ही दोन्ही कार्डे पीसीआय एक्सप्रेस २.० ची आहेत. त्या पिढीत एका लेनमधून प्रत्यक्ष उपयोगाचे ४ गिगाबिट जातात, म्हणजे दोन लेनमधून ८ आणि त्यातूनही काही भाग नियंत्रणासाठी खर्च होतो. कार्डावर दहा लिहिलेले असले, तरी आपल्या पदरी आठसुद्धा पडणार नाहीत. तेच कार्ड ३.० पिढीचे असेल तर एका लेनमधून जवळजवळ ८ गिगाबिट जातात, दोन लेनमध्ये साडेपंधराच्या वर मिळतात आणि एका पोर्टला ते भरपूर आहेत. बोर्डाची पुस्तिका पाहा, किंवा कार्ड बसवल्यावर एलएसपीसीआय ही आज्ञा सविस्तर माहितीच्या पर्यायासह चालवून जोडणीची रुंदी आणि गती तपासा.

तिसरी गोष्ट मी थोडी आग्रहाने सांगतो. आपली व्हीलॅनची विभागणी ज्या भीतीपोटी केली आहे, तिच्यावर फायरवॉल हा उपाय नाही. कोणी कोणाशी कोणत्या पोर्टवर बोलावे, एवढेच फायरवॉल ठरवते. फाइलच्या आत काय दडले आहे, हे तिला दिसत नाही. संकलनाच्या संगणकाला नॅसवर लिहिता यावे म्हणून फाइल शेअरिंगचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट आपण उघडे ठेवलेच असणार आणि एखाद्या पेनड्राइव्हमधून फाइली कुलूपबंद करणारा खंडणीखोर प्रोग्राम आला, तर तो त्याच उघड्या दारातून जाईल. त्यावर खरा उपाय म्हणजे नॅसवर ठरावीक अंतराने स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींची जशीच्या तशी नोंद) घेणे आणि ते पुसण्याचा अधिकार संकलनाच्या संगणकाला न देणे. तो उपाय केल्यावर संगणक आणि नॅस एकाच व्हीलॅनमध्ये आणता येतील. मग त्यांच्यातली वाहतूक स्विचमधूनच परस्पर जाईल, राउटरपर्यंत येणारच नाही आणि राउटरला नव्या कार्डाची गरजच उरणार नाही.


प्रश्नकर्त्याचे उत्तर : मनीषनगरवासी

आपला प्रतिसाद दोनदा वाचला. बोर्डाची पुस्तिका शोधून काढली आणि स्लॉटमध्ये खरोखरच दोनच लेन आहेत. एक्स ५२० चे पैसे आज संध्याकाळी देणार होतो, ते थांबवले.

स्नॅपशॉटचा मुद्दा पूर्णपणे पटला आणि ते कालच सुरू केले. आता दर तासाला एक घेतला जातो. तरीही विभागणी ठेवावी, असे मला वाटते. नॅसचे व्यवस्थापनाचे पान, घरच्या कॅमेऱ्यांची साठवण आणि माझी कार्यालयीन कागदपत्रे त्याच यंत्रावर आहेत आणि ग्राहकांच्या पेनड्राइव्हशी रोज संबंध येणाऱ्या संगणकाला त्यांतले फक्त एक दार दिसावे, बाकीची दारे दिसूसुद्धा नयेत, हा माझा हेतू आहे. तेव्हा वाहतूक राउटरमधूनच जाईल असे धरून पुढे कसे जावे?


प्रतिसाद २ : महालातला रहिवासी

मी तंत्रज्ञ नाही. लेखापालाचे काम करतो आणि घरच्या कार्यालयातले जाळे स्वतः सांभाळतो. मागच्या वर्षी मे महिन्यात मला जो अनुभव आला, तो आपल्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या राउटरमध्ये एसएफपी प्लसचे कार्ड होते, परंतु भिंतीत तांब्याची केबल असल्याने मी त्यात तांब्याच्या केबलचे दहा गिगाबिट मॉड्यूल लावले होते. जोडणी सकाळी उत्तम चालायची आणि दुपारी तीनच्या सुमारास तुटायची. कधी दोन मिनिटांनी परत यायची, कधी दिवेलागणीपर्यंत यायची नाही. मी आधी केबलला दोष दिला, मग स्विचला, मग सेवा देणाऱ्या कंपनीला तीनदा दूरध्वनी केला. शेवटी एका दुपारी ते मॉड्यूल काढायला गेलो आणि बोटाला चटका बसला. एसएफपी प्लसच्या खाचा मुळात एक ते दीड वॅटच्या मॉड्यूलसाठी आखलेल्या आहेत आणि तांब्याच्या केबलचे दहा गिगाबिट मॉड्यूल दोन ते तीन वॅट खाते, हे मला नंतर कळले. साधी मॉड्यूले आवरणाच्या ७० अंश तापमानापर्यंतच चालण्याची हमी देतात. ती मर्यादा पुण्यात कदाचित कधी गाठली जाणार नाही. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), स्लॅबखालच्या खोलीत, बिनपंख्याच्या पेटीत मात्र ती सहज गाठली जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट जोडणी कोणत्या दिवशी तुटते हे लिहून ठेवले तेव्हा उमगली. वीज गेली की आमचा इन्व्हर्टर दिवे, छताचे पंखे आणि राउटर चालवतो; कूलर त्यावर चालत नाही. म्हणजे खोली गार ठेवणारे यंत्र बंद पडते आणि उष्णता निर्माण करणारी यंत्रे चालूच राहतात. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना दीड तास वीज गेली की खोली चाळिशीच्या पुढे जाते आणि पेटीच्या आतले तापमान त्याहूनही बरेच वर असते. म्हणून कार्डाची परीक्षा फेब्रुवारीत घेऊ नका. मे महिन्यातली, वीज गेलेली दुपार डोळ्यांसमोर ठेवूनच कार्ड निवडा.

मी ते मॉड्यूल काढून टाकले, भिंतीतल्या नळीतून फायबर ओढून घेतले आणि दोन्ही टोकांना कमी अंतराची साधी प्रकाशीय मॉड्यूले लावली. ती प्रत्येकी एका वॅटच्या आतबाहेर असतात. त्यानंतरचा उन्हाळा एकदाही जोडणी न तुटता गेला. आपल्याकडे राउटर आणि स्विच एकाच कपाटात असल्यामुळे तेवढेही लागणार नाही. दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेली तयार डॅक केबल घ्या. ती दोन-तीन मीटरपर्यंत निर्धास्त चालते आणि तिला वीज जवळजवळ लागतच नाही.

कपाटाविषयीही एक विनंती आहे. जिन्याखालची जागा आमच्याकडच्या जुन्या घरांत सर्वांत थंड असते, त्यामुळे आपण योग्य ठिकाण निवडले आहे, पण कपाटाचे दार बंद असेल तर तो फायदा जातो. दाराला खाली आणि वर जाळी बसवा, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर निघून जाईल आणि खालून थंड हवा येईल. पेटी आडवी न ठेवता तिचे पंख उभ्या दिशेत राहतील अशी भिंतीला लावा. कूलरचा झोत मात्र तिच्यावर सोडू नका. आपला पहिला पंखा ज्या चिकट धुळीने अडकला, तोच थर हीटसिंकच्या पंखांवर बसतो आणि मग ॲल्युमिनियम असूनही उष्णता बाहेर पडत नाही.


प्रतिसाद ३ : वर्धा रोडवरून

दहा गिगाबिटचा हट्ट कशासाठी, असा माझा साधा प्रश्न आहे. नॅसमध्ये फिरत्या तबकड्यांच्या डिस्क असतील आणि त्या एकमेकींची प्रत ठेवत असतील, तर लिहिण्याचा वेग एका डिस्कइतकाच, म्हणजे सेकंदाला साधारण २०० ते २५० एमबी राहील. अडीच गिगाबिटची जोडणी सेकंदाला २९० एमबीच्या आसपास देते. म्हणजे डिस्क आधी थकेल, जाळे नंतर. आपले २०० जीबीचे काम अर्ध्या तासावरून तेरा ते सतरा मिनिटांवर येईल आणि त्यापुढे कितीही महागडे कार्ड लावले, तरी एक मिनिटही वाचणार नाही. अडीच गिगाबिटची रिअलटेक किंवा इंटेलची चिप एक-दोन वॅटमध्ये भागते, तिला पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन पुरते आणि भिंतीतली आपली केबल जशी आहे तशी चालते. हे मानक २०१६ मध्ये आले तेच मुळी जुन्या कॅट ५ई केबलवर १०० मीटर जाता यावे म्हणून. बिनपंख्याच्या पेटीसाठी याहून समंजस पर्याय मला दिसत नाही.


प्रश्नकर्त्याचे उत्तर : मनीषनगरवासी

दोघांचेही मनापासून आभार. महालातल्या मित्रांनी वीज गेल्यावरची जी स्थिती वर्णन केली, ती आमच्या घरी तंतोतंत तशीच आहे आणि मी तिचा विचारच केला नव्हता.

अडीच गिगाबिटचे गणित बिनतोड आहे. माझ्याकडून एक माहिती द्यायची राहिली. नॅसमध्ये फिरत्या डिस्कची जोडी आहेच, पण चालू काम २ टीबीच्या एनव्हीएमई (फिरत्या तबकड्या नसलेल्या, अतिवेगवान) डिस्कवर ठेवले जाते आणि पत्नी तिथूनच थेट संकलन करते. काम संपले की ते फिरत्या डिस्कवर हलवतो. त्यामुळे एक गिगाबिटवर टाइमलाइन पुढेमागे सरकवताना तिला जो अडखळता अनुभव येतो, तो घालवणे हे प्रती काढण्याच्या वेळेपेक्षाही मोठे कारण आहे. एवढ्यासाठी दहाचा विचार योग्य ठरेल का?


प्रतिसाद ४ : जाळेविणकर

एनव्हीएमई असेल तर दहा गिगाबिट वाया जाणार नाही. तरीही वर्धा रोडवरच्या मित्रांचा सल्ला बाजूला सारू नका. एखाद्या महिन्यासाठी अडीच गिगाबिटचे स्वस्त कार्ड लावून पाहण्यात नुकसान काहीच नाही आणि कदाचित तेवढ्यावरच समाधान होईल.

दहाच घ्यायचे ठरले, तर मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स ३ मालिकेतले एकाच एसएफपी प्लस पोर्टचे कार्ड शोधा. ते पीसीआय एक्सप्रेस ३.० चे आहे, म्हणून आपल्या दोन लेनमध्ये पूर्ण वेगाने चालेल. एकच पोर्ट असल्यामुळे उष्णताही कमी. लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्याचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे आहे, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये त्याचे पॅकेज तेवढे टाकावे लागेल. आणि इंटेलच्या एक्स ५२० प्रमाणे ते अनोळखी कंपनीचे मॉड्यूल नाकारत नाही. कार्ड जुने आहे, म्हणून वापरलेलेच मिळेल. घेताना हीटसिंक घट्ट बसलेला आहे का ते पाहा, आणि शक्य असल्यास त्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट काढून नवी लावा. बिनपंख्याच्या पेटीत या एका गोष्टीने पडणारा फरक मी स्वतः पाहिला आहे.

पोर्ट एकच आहे म्हणून काळजी करू नका. दोन्ही व्हीलॅन त्याच एका केबलवरून राउटरकडे येतील आणि त्याच केबलवरून परत जातील. जोडणी दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे दहा गिगाबिट वाहते, त्यामुळे एका वेळी एकाच दिशेने फाइल जात असेल तर वेग घटत नाही. दोन्ही बाजूंनी एकदम मोठी वाहतूक झाली तरच ती वाटली जाते आणि घरात तसा प्रसंग क्वचितच येईल. मोठ्या फाइलींसाठी प्रोसेसरचीही फारशी चिंता नाही. पूर्ण आकाराची पॅकेटे असतील तर दहा गिगाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार पॅकेटे होतात. सर्वांत लहान पॅकेटे असती तर हाच आकडा १ कोटी ४८ लाखांवर गेला असता आणि एन १०० तिथे नक्की हरला असता. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग सुरू करा, म्हणजे एकदा तपासलेल्या जोडणीतील पुढच्या पॅकेटांना फायरवॉलची सगळी पायपीट करावी लागत नाही.

इंटरनेटची बाजू बोर्डावरच्या एक गिगाबिट पोर्टवरच राहू द्या. पीपीपीओईची पॅकेटे बऱ्याच कार्डांना प्रोसेसरच्या निरनिराळ्या कोअरमध्ये वाटता येत नाहीत, कारण खरा पत्ता त्यांना पीपीपीओईच्या आवरणाआड दिसत नाही आणि मग सगळा भार एकाच कोअरवर पडतो. ५०० एमबीपीएसला एन १०० चा एक कोअर पुरतो, म्हणून तिकडे पैसे घालण्याचे कारण नाही.

आता वरच्या मजल्याचा प्रश्न उरतो. कॅट ६ केबलवर दहा गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जाते, त्यामुळे आपल्या १८ मीटरला अडचण नाही. पण त्यासाठी स्विचमध्ये तेच तापणारे तांब्याचे मॉड्यूल लावावे लागेल आणि स्विच राउटरच्याच कपाटात आहे. नळीत जागा असेल तर फायबर ओढून घ्या. त्याचा आणखी एक लाभ असा की फायबरमधून वीज वाहत नाही. जूनच्या पहिल्या वादळात जवळपास वीज कोसळली, तर वरच्या मजल्यावरचा झटका त्या वाटेने तरी खाली नॅसपर्यंत येणार नाही. संगणकाच्या बाजूला पंखे आहेतच, त्यामुळे तिथे हेच किंवा दुसरे कोणतेही एसएफपी प्लसचे कार्ड चालेल.


प्रश्नकर्त्याचे उत्तर : मनीषनगरवासी

नळी तपासली. त्यात जुन्या दूरध्वनीची तार पडून आहे. ती बाहेर ओढतानाच तिला फायबर बांधून वर घेता येईल, असे विद्युत कारागीर म्हणाले. कपाटाच्या दाराची जाळी सुताराला सांगितली आहे. कनेक्टएक्स ३ चे कार्ड एका विक्रेत्याकडे आहे. हीटसिंकचे छायाचित्र मागवले आहे. मे महिन्यात एखाद्या दुपारी मुद्दाम दोन तास कूलर बंद ठेवून २०० जीबीची प्रत काढेन आणि त्या वेळी मोजलेले मॉड्यूलचे व प्रोसेसरचे तापमान इथेच लिहीन.